परत दिलेलं मानपत्र

विनू, पाहुणे काल गेले. खुर्च्यावाला खुर्च्या घेऊन गेला, मोठी पातेली शेजारणींनी घासून पालथी घातली, आणि येईल त्याला चहा करून करून सुजलेले पाय मी आत्ता कुठं वर घेऊन बसलेय. दमलेय रे मी. रडायचंसुद्धा त्राण नाही, खोटं कशाला सांगू? तुझे दाजी कामावर गेलेत. बाहेरच्या खोलीत आप्पा आहेत, आणि ते माझ्याशी बोलत नाहीत.

का बोलत नाहीत, त्याचं मूळ अकरा वर्षं फक्त तुला आणि मला माहीत होतं. आता सगळ्या गावाला झालंय. ते तुला नीट सांगावं म्हणून लिहायला बसलेय. पेपरवाल्यांचा फोन आला होता, फोटो आणि चार ओळी पाठवा म्हणाले. मी नाही म्हटलं. तुझ्यावर माझ्या हातनं एकदा लिहून झालंय आणि त्यानं काय झालं ते आपण दोघांनी बघितलंय.

मारियाचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गात होते. तुझ्या क्लबाच्या कँटीनमधली ही म्हातारी मला फोटोतनं माहीत होती, आवाज पहिल्यांदाच ऐकला. तू पहाटेची पाळी संपवून क्लबावर आलास, शनिवारच्या मॅचसाठी मैदानावर पांढऱ्या रेघा मारायच्या होत्या, त्याआधी तिच्याकडं चहा मागितलास. ती चहा घेऊन येईपर्यंत बाकावर बसल्या बसल्या गेलेला होतास. एवढं सांगितलं आणि ती रडायला लागली. समोर सगळा वर्ग माझ्या तोंडाकडं बघत होता, म्हणून मीच तिला म्हटलं, रडू नको बाई. मग फोन ठेवला, फळ्यावरचं वाक्य पुरं केलं आणि हेडमास्तरांच्या खोलीत जाऊन खाली बसले. चव्वेचाळीस हे काय जायचं वय झालं?

आई गेली तेव्हा तू सातवीत होतास आणि मी शिक्षिका व्हायला टीसीएचच्या पहिल्या वर्षाला. तुझी वेणी घालायची नव्हती एवढंच, बाकी सगळं मी केलंय तुझं. आप्पा बेळगाव-निपाणी गाडीवर कंडक्टर, त्यांची ड्युटी पहाटेची. खेड्यात पोराकडं बघायला कोण, म्हणून तुला बेळगावला, मी राहत होते त्या मामांच्याकडं ठेवलं. गावाकडची पोरं कबड्डी खेळायची, आणि तू कॅम्पातल्या पोरांत मिसळून फुटबॉल शिकून आलास. आप्पा मला म्हणाले होते, देवानं दोन हात दिल्यात, ते बांधून ठेवल्यागत खेळायचं ह्यो कसला खेळ म्हणायचा? पण निपाणीला ड्युटी संपवून कोल्हापूरची गाडी धरून तुझ्यासाठी खिळ्यांचे बूट आणायला तेच गेले. आणले ते दोन नंबर मोठे. वाढता पाय, म्हणाले. तू पुढं कापूस कोंबून दोन वर्षं ते घातलेस. मेलबर्नातनं एकदा फोनवर म्हणालास, आक्का, मी आजबी बूट अर्धा नंबर मोठाच घेतो, सवय लागलीय. त्या दिवशी आपण किती हसलो होतो.

चोविसाव्या वर्षी तू तिकडं गेलास ते शिकायला. शिक्षण झालं आणि गोदामात लागलास, फोर्कलिफ्टवर. मला वाटलं, सुटला फुटबॉल एकदाचा. कसला सुटतोय. कामावरनं येताना बसमधनं तुला कुठल्याशा मैदानाचे दिवे दिसले, तू मधेच उतरलास आणि कुंपणापाशी उभा राहून त्यांचा सराव बघितलास. असे तीन मंगळवार. चौथ्या मंगळवारी त्यांच्या कोचनं विचारलं, नुसता बघतोस की खेळतोस पण? ते मैदान माल्टा नावाच्या देशातनं आलेल्या लोकांच्या क्लबाचं होतं. माल्टा कुठं आहे ते मी शाळेतल्या नकाशात शोधलं, बोटाखाली झाकला जाईल एवढा देश. तू म्हणालास, हितं समदीच कुठनं ना कुठनं आलेली हाईत आक्का, मला कोण तू कुठला म्हणून इचारत न्हाय. आपण सीमाभागातली माणसं. हे वाक्य ऐकून मला बरं वाटलं होतं.

मग दोन वर्षं तू त्यांच्या राखीव संघात. तिकडं मॅचचे दिवस म्हणजे थंडीचे, तेही पावसासकट. पहाटे चारला गोदाम, दुपारी झोप, मंगळवार-गुरुवार संध्याकाळी सराव, शनिवारी मॅच. वीस वर्षांतली तेरा वर्षं तू हेच केलंस. मॅचमागं थोडेफार पैसे द्यायचे, ते पेट्रोलला आणि पायाला बांधायच्या पट्ट्यांना जायचे. त्याला तू ‘सेमी-प्रोफेशनल’ म्हणायचास. मी म्हणायची, म्हणजे धड ना हे धड ना ते. तू चिडायचास. किती वेळा भांडलोय आपण ह्यावरनं. मी म्हणायची, अरे तिशी उलटली, लग्न कर, चिखलात लोळून मिळतं काय तुला? तू म्हणायचास, तू शाळेत कविता शिकवतीस, तुला काय मिळतं? मी म्हणायची, मला पगार मिळतो. मग तू फोन ठेवायचास, आणि पुढच्या रविवारी काही झालंच नाही असा पुन्हा करायचास.

पण तुझ्या त्या रविवारच्या फोनांवर मी जगलेय, हेही सांगते. क्लब वरच्या गटात गेला त्या वर्षीचा फोन मला शब्दन् शब्द आठवतो. बरोबरी झाली तरी पुरे होती, शेवटची दोन मिनिटं उरलेली, आणि गोलात चाललेला चेंडू तू रेघेवरनं बाहेर काढलास. तुला गोल केल्याचा कधी आनंद झालेला मी ऐकला नाही. तेरा वर्षांत केलेस किती, चार का पाच. तुझा आनंद म्हणजे झालेला गोल नाही, न झालेला. तिथल्या गल्लीतल्या पेपरात फोटो आला, त्यात तू अर्धाच आलास, खांद्यापासनं पुढचा भाग कापलेला. तोसुद्धा तू पोस्टानं पाठवलास. मी तो वर्गात दाखवला. माझा भाऊ म्हणून.

आता मुद्द्याचं.

आपल्या गावची लक्ष्मीची यात्रा कितीतरी वर्षांनी भरत होती. घरं रंगवली, लेकी आल्या, पुण्या-मुंबईत गेलेले आले. आप्पा हट्टाला पेटले, विनूला यायला सांग. तिकडं तुमचा मोसम सुरू व्हायला दोनच आठवडे होते. आत्ता गेलास तर संघातली जागा दुसऱ्याला देईन, असं कोचनं तुला तोंडावर सांगितलं होतं. तरी आलास. हे मला तू नंतर कळू दिलंस, आप्पांना कधीच नाही.

यात्रेत तुझा सत्कार करायचं मंडळाच्या मारुतीअण्णांनी ठरवलं. गावातलं मानपत्र असो, स्वागताचा फलक असो, मजकूर लिहायचा मीच, मराठीची बाई म्हणून. आपल्याकडं मानपत्र कसं लिहितात ते तुला ठाऊक आहे. सोसायटीचा सेक्रेटरी रिटायर झाला की त्याला आपण सहकारमहर्षी करतो. दोन पोती सिमेंट दिलेला माणूस दानशूर होतो. ऐकणारेही ते खरं धरत नाहीत, टाळ्या वाजवतात आणि जेवायला उठतात. मी तुझं मानपत्र आधी खरंच लिहिलं होतं, मेलबर्न शहरातल्या एका क्लबाकडून खेळतो असं. मारुतीअण्णा वाचून म्हणाले, आक्का, ह्ये लई बारीक वाटतंय. क्लब म्हटलं की लोकं पत्त्याचा समजत्यात. त्यो देशाकडनं खेळतोय न्हवं?

मी मान हलवली, विनू. व्हय म्हणून. कुणी माझा हात धरला नव्हता. आप्पा शेजारीच बसले होते, त्यांचं तोंड असं फुललं होतं की मला ते मोडवेना. आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच हवं होतं. आई नसलेलं पोर मी वाढवलं, ते देशाकडनं खेळतं, हे मलाच ऐकायचं होतं. घरी येऊन मी नवा कागद घेतला. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघाचा आधारस्तंभ, असं लिहिलं. वाटलं, तू समजून घेशील. आपल्यातलाच आहेस, हसशील, नारळ घेशील, खाली उतरशील.

तुला फेटा बांधला, आप्पांनाही बांधला. मी माइकवर उभी राहून मानपत्र वाचलं. वाचताना मी तुझ्याकडं बघत नव्हते. टाळ्या पडल्या, तुझ्या हातात ती चौकट दिली, आणि दोन शब्द बोला म्हणून माइक दिला. तू म्हणालास,

“मी ऑस्ट्रेलियाकडनं खेळत न्हाय. मी एका गोदामात कामाला हाय आणि शनवारी एका क्लबाकडनं खेळतो. आमच्या मॅचला दोनशे माणसं येत्यात. ह्ये मानपत्र माझं न्हवं.”

आणि ती चौकट टेबलावर ठेवलीस. रागानं नाही, जपून ठेवलीस, काच फुटू नये अशी. तुला दोष देत नाही मी. सहा-सात वर्षं तू अशा ठिकाणी खेळला होतास जिथं आपल्या पायाला चेंडू लागून बाहेर गेला तर हात वर करून सांगायची तुझी रीत होती. पण खाली कुणीतरी हसलं, मग मागनं आणखी कुणी हसलं, आणि आप्पा फेट्यासकट स्टेजवरनं उतरून घराकडं चालू लागले.

घरी आल्यावर आप्पांनी फेटा काढला, कोनाड्यात ठेवला, आणि तुला नाही, मला विचारलं. राष्ट्रीय संघ म्हणून तुला कुणी सांगितलं, आक्का? घरात एवढी माणसं, यात्रेचे पाहुणे. माझी जीभ उचलेना. पन्नास पोरांसमोर उभी राहून खरं बोलावं म्हणून शिकवणारी बाई मी. तू दारात उभा होतास. माझ्याकडं एकदा बघितलंस आणि म्हणालास,

“मीच सांगितलंतं आप्पा. फोनवर.”

स्टेजवर एक खोटं अक्षर खपवून घेतलं नाहीस, आणि घरात येऊन माझ्यासाठी अख्खं खोटं बोललास. आप्पांनी तुला एवढंच विचारलं, मग चारचौघांत लाज काढायला आलतास काय? तिसऱ्या दिवशी गेलास. त्यानंतर आप्पा तुझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. गावानं तुझं नाव ‘नॅशनल’ पाडलं. बसस्टँडवर चहा प्यायला गेले की कुणीतरी आप्पांना विचारायचं, काय, नॅशनल काय म्हणतोय? वर्षभरात आप्पांनी शेत वाट्यानं लावलं आणि इथं बेळगावच्या वडगावात माझ्याकडं राहायला आले. कारण म्हणून गुडघे सांगितले.

आणि तिकडं तुझी जागा गेलीच होती. तो मोसम तू बाकावर काढलास.

तुझा फोन आला की आप्पा उठून अंगणात जायचे. मी त्यांच्या पाठीकडं बघत तुझ्याशी बोलायची. दर वेळी वाटायचं, आज सांगू. एक वाक्य तर होतं. मग वाटायचं, आज त्यांचं बीपी वाढलंय, आज सण आहे, आज उपास आहे. विनू, माणसाला न सांगायचं असलं की कारणांना तोटा नसतो. तू मात्र कधी विषयसुद्धा काढला नाहीस. एकदाच काढलास. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, डॉक्टर म्हणाला होता की पहिल्या संघात आता विसर, आणि तू दवाखान्यातनं फोन केला होतास. बोलून बोलून शेवटी म्हणालास, आक्का, आप्पांना एकदा सांग की. मी म्हटलं, बघते.

त्याला सात वर्षं झाली. तू पुन्हा विचारलं नाहीस. राखीव संघात म्हातारा म्हणून खेळलास, मग तेही थांबवलंस, लहान पोरांना शिकवायला लागलास, मैदानावर रेघा मारायला लागलास. दर रविवारी मला सगळं सांगितलंस. मी तुला काय सांगितलं? आप्पा बरे आहेत, जेवतात, एवढंच. रागवायचंस तरी माझ्यावर. एकदा तरी फोन आपटून म्हणायचंस, की आक्का तू भित्री आहेस. तू न रागावून मला सोपं करून ठेवलंस, आणि त्याचा मला आज राग येतोय. मेलेल्या माणसावर रागवायचं तर बसून घ्यावं लागतं, उभ्यानं ताकद पुरत नाही.

तुझ्या अस्थी यायला अठरा दिवस लागले. तुमच्या क्लबातला तो पंजाबी गडी, गुरमीत, सुट्टी काढून घेऊन आला. आदल्या दिवशी मारुतीअण्णा आले होते, श्रद्धांजलीच्या फलकाचा मजकूर मागायला. आप्पांसमोरच म्हणाले, आक्का, तुम्हीच लिव्हा. मी वहीचं पान फाडून लिहिलं, कै. विनायक, गोदाम कामगार आणि फुटबॉल खेळाडू, मेलबर्न. अण्णांनी कागद वाचला. म्हणाले, गोदाम नको की आक्का, बरं दिसत न्हाय. मी म्हटलं, तेच राहू दे अण्णा. आप्पा भिंतीकडं बघत होते. फलक आपल्या गावाजवळ, खानापूरच्या स्टँडपाशी लागलाय, आठवडाभर राहील.

मलप्रभेवर नदीकाठी तुझं सगळं केलं. नैवेद्य मांडला, आंबोळी, काळ्या वाटाण्याचं सांबारं, तुझ्या आवडीचं सगळं. आम्ही मागं सरून उभे राहिलो. कावळे होते, समोरच्या जांभळीवर चांगले सात-आठ होते. एक खाली यायला तयार नाही. मग सुरू झालं नेहमीचं. तात्याकाका मोठ्यानं म्हणाले, विनू, आप्पांची काळजी करू नको, आम्ही हाय. कावळा हलला नाही. मामा म्हणाले, चहा ठेवा, चहाशिवाय त्याचं चालत नव्हतं. चहा ठेवला. कुणी म्हणालं, लग्नाचं ऱ्हायलं पोराचं, त्येच्यात जीव अडकला आसंल. गुरमीत बिचारा पिशवीतनं तुमच्या क्लबाचा शर्ट काढून ठेवून आला. ऊन चढत चाललं. आप्पा छत्री टेकून उभे, बसा म्हटलं तर बसत नव्हते.

कावळ्यात काय असतं नि काय नसतं, मला माहीत नाही. मी विज्ञानसुद्धा शिकवते सहावीला. पण ज्याचं राहिलंय ते मोठ्यानं बोलायची रीत आहे आपल्यात, आणि मला ती त्या दिवशी मिळाली. तुझं काय राहिलंय ते तिथं एकटीला मला माहीत होतं. मी पुढं झाले. तुला म्हटलं,

“विनू, राष्ट्रीय संघाचं तू मला कधी सांगितलं नव्हतंस. ते मी माझ्या मनानं लिवलं. तू माझं खोटं पांघरून घेतलंस. आप्पांना सांगायचं ऱ्हायलंय ते. आज सांगितलं.”

मारुतीअण्णांनी मान खाली घातली. आणि कावळा आला म्हणशील, तर नाही आला. वाट बघून बघून शेवटी नैवेद्य गाईला घातला. माझ्या बोलण्यानं काही झालं नाही तिथं, एवढंच झालं की आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मला ते जन्मभर आक्का म्हणत आलेत. त्या दिवशी म्हणाले, “अकरा वर्सं, सुनंदा.” आणि गाडीत जाऊन बसले.

त्याला आज सहावा दिवस. तुझ्या दाजींना सांगतात, तिला म्हणावं भाकरी नको. मी खोलीत आले की उठून अंगणात जातात. त्यांची पाठ मला ओळखीची आहे, पण आत्तापर्यंत ती तुझ्यासाठी होती. तुझं काय होत असेल ते मला सहा दिवसांत कळलं. तू अकरा वर्षं काढलीस, आणि वर रविवारी मला फोन करून हसवत होतास. मी आप्पांना दोष देत नाही. पोराशी बोलायची अकरा वर्षं मी त्यांच्याकडनं काढून घेतली, ती आता कुठनं आणून देऊ? माफ कर म्हणावं तर तू करून मोकळा झालेलास, त्या दारातच. ज्यांनी करायचं ते करत नाहीत, आणि त्यांनी करावं असं मला म्हणवतही नाही.

इथपर्यंत लिहिलं होतं, विनू, आणि बाहेरनं आप्पांनी हाक मारली. हाक म्हणजे खाकरले. मी पेन ठेवून गेले. अंगणात न जाता खुर्चीतच बसले होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, त्यो पंजाबी म्हणत होता, विनूचा खेळ मोबाईलवर दिसतोय म्हणून. हाय काय तुझ्याकडं?

होता. तू पाठवलेल्या मॅचेस सगळ्या होत्या माझ्याकडं. शनिवारी मॅच झाली की तुझी लिंक यायची. मी उघडायची, सेकंदभर बघायची, अंगठा पाठवायची आणि स्वयंपाकाला लागायची. हे तुला माहीत नव्हतं. किंवा असेलही. एक जुनी मॅच लावली आणि फोन त्यांच्या हातात दिला. कुठल्याशा उंच काठीवर कॅमेरा ठेवलेला, माणसं डोंगळ्यांएवढी, निम्म्यांच्या अंगात निळे शर्ट. आप्पांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं,

“ह्येच्यातला आपला कुठला?”

मी वाकून बघायला लागले. ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत बघितलं. तुझ्या खेळावर मी पानभर लिहिलंय, विनू, चेंडूवरचं प्रभुत्व म्हणून, वाऱ्याचा वेग म्हणून, आणि मला तू सापडेनास. आप्पा वाट बघत होते. मी म्हटलं, मला न्हाय सापडत आप्पा. मी कधी धड बघितलंच न्हाय.

त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. चेंडू कुठं जातोय तिकडं ते बघतच नव्हते, एकेक माणूस बघत होते. मी शेजारी जमिनीवर बसले. पाच मिनिटं गेली असतील, जास्तच. मग त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं.

“ह्यो,” म्हणाले. “चालणं बघ की. पाय फाकून. माझं चालणं हाय ते.”

तूच होतास. मैदानाच्या डाव्या कडेला, कमरेवर हात ठेवून, मागं वळून बघणारा. त्यांचं बोट लागलं तसा व्हिडिओ थांबला. आप्पा बघत राहिले आणि म्हणाले, का हुबा ऱ्हायला ह्यो? मी म्हटलं, तुमचं बोट लागलं आप्पा, म्हणून थांबलंय. परत एकदा बोट लावा, पळंल.

आप्पांनी हात मागं घेतला आणि मांडीवर ठेवला.

“ऱ्हाऊ दे जरा,” ते म्हणाले. “दमला आसंल.”